तोही दागिनाच होता

आमच्या घरांत सोनं बेताचं होतं, दागिने मात्र वर्षभर असत. पौषात साखरेचे, फाल्गुनात सुरंगीचे, वैशाखात मोगऱ्याचे, श्रावणात हिरव्या काचेचे, आणि लग्नसराई आली की फडताळातल्या डब्यातून निघणारे चार-दोन खरे. कुठला दागिना भारी आणि कुठला हलका, हे तेव्हा वजनावरून ठरत नसे. कुणी केला, किती निगुतीने केला आणि कुणासाठी केला, यावरून ठरे.

सोन्याची जागा घरोघरी ठरलेली असायची. माजघरात फडताळ, फडताळात पितळी डबा, डब्यात गुलाबी कागदाच्या पुड्या. एका पुडीत पाटल्या, एकीत मोत्यांच्या कुड्या, एकीत नथ. एका पुडीत तान्ह्या बाळाचे वाळे आणि बिंदल्या, ज्या घरातल्या प्रत्येक मुलाने आळीपाळीने घातल्या आणि चावून चेमटवल्या. एकीत काळे मणी सुटे. आणि एकीत एकुलता एक झुबा, ज्याचा जोडीदार कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत हरवला होता, आणि तो सापडेल म्हणून हा जपून ठेवलेला.

हे सगळं सगळ्यांचं असायचं. ठुशी आज थोरल्या काकूच्या गळ्यात, तर परवा धाकट्या आत्याच्या. नथ तर घरभर फिरायची. जुने फोटो काढून बघा: आजीच्या ऐन तारुण्यातला, आईच्या लग्नातला, ताईच्या डोहाळजेवणातला. चेहरे बदलत गेले, साड्या बदलत गेल्या, ठुशी मात्र तीच.

पण डबा काही रोज उघडत नसे. रोजचे आणि सणाचे दागिने आम्ही घरीच करत होतो.

संक्रांत जवळ आली की स्वयंपाकघरात पहाटे कोळशाची शेगडी लागायची. थंडी जितकी कडक तितका हलवा चांगला, म्हणून अंधारातच बसायचं. शेगडीवर परात, परातीत खसखस नाहीतर साबुदाणा, शेजारी दूध घालून मळी काढलेला साखरेचा पाक. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. सुकले की पुन्हा चमचाभर. पाक जास्त पडला तर दाण्यांचा गोळा होई, आच वाढली तर साखर पिवळी पडे. बोटं पोळायची, पाठ अवघडायची, आणि काही दिवसांनी एका पहाटे काकू ओरडायच्या, "आला गं काटा!" मग घरातलं प्रत्येक माणूस परातीत डोकावून जायचं. आजोबासुद्धा. त्या एवढ्याशा दाण्यावर उगवलेले पांढरे काटे बघताना जो आनंद व्हायचा, तो पुढे कुठल्या सराफाच्या काचेसमोरही झाला नाही.

मग सुया-दोरे निघत. बारीक हलवा बांगड्यांना, टपोरा हारांना, लवंगेवर चढवलेला पदकाच्या पाकळ्यांना. पुठ्ठा, सोनेरी कागद, रेशमाचा दोरा, की झाला तन्मणी, झाली बिंदी, झाले बाजूबंद. नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हे सगळं अंगावर चढवायचं. जावयाला हार, गुच्छ आणि हातात हलव्याने मढवलेला नारळ. बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट आणि बासरी, म्हणजे घरात कृष्णच आला. तयार दागिन्यांचं ताट मुंग्यांच्या भीतीने पाण्याच्या परातीत ठेवलं जाई. मुंग्या येत नसत, पण सकाळी बाजूबंदातले दोन-तीन दाणे कमी असत, आणि कुणीच चौकशी करत नसे.

हळदीकुंकू आटोपलं की दागिना उतरायचा, हळूहळू सुटायचा आणि संपून जायचा. इतक्या पहाटा, इतकी पोळलेली बोटं, आणि एका संध्याकाळचं मिरवणं. तरी पुढच्या पौषात शेगडी पुन्हा लागे. तिजोरीत जायचा नव्हता, गहाण टाकता येणार नव्हता, कुणाच्या वाटणीत निघणार नव्हता. तोही दागिनाच होता.

फुलांचंही तेच. कोकणात वेंगुर्ल्याच्या आसपास फाल्गुन लागता लागता सुरंगी फुलायची. कळ्या उन्हं यायच्या आत काढाव्या लागत, म्हणून बायामुलं अंधारात झाडाखाली. त्यांचे वळेसर गुंफायचे आणि घरभर, गल्लीभर, एसटीभर तो वास. गोव्याकडच्या घरांत अबोलीची फाती. देशावर मोगऱ्याचा गजरा, शेवंतीची वेणी. बकुळ तर आमच्या पिढीची खास. पहाटे झाडाखाली पडलेला सडा ओंजळीने वेचायचा. फुलाला मधोमध भोक देवानेच पाडलेलं, सुईसुद्धा लागत नसे. केळीच्या सोपाचा धागा ओवला की माळ तयार. बकुळ सुकली तरी तिचा वास राहतो, म्हणून ती माळ पुढे पैठणीच्या घडीत जाई.

आणि गुलबाक्षी! संध्याकाळी उमललेलं फूल घ्यायचं, देठाकडची हिरवी गाठ हलकेच ओढायची, आतला तंतू तुटू द्यायचा नाही. गाठ कानात अडकवली की खाली फूल डुलायचं. तंतू तुटला की दुसरं फूल. गल्लीतल्या सगळ्या मुली दिवेलागणीपर्यंत कानांत गुलबाक्षी घालून हिंडायच्या. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरायची म्हणजे मुकुटापासून कमरपट्ट्यापर्यंत सगळं फुलांचं. दुसऱ्या दिवशी ते सुकायचं. तोही दागिनाच होता.

श्रावणाआधी कासार यायचा. ओटीवर बैठक पसरली जायची, लाल-हिरव्या-मोरपंखी बांगड्यांच्या माळा उलगडल्या जायच्या. काच दूर फिरोजाबादेची, पण हातात भरायची कला आमच्या कासाराची. तो तळवा हातात घेऊन असा काही चेपायचा की अंगठ्याचं हाड कुठे जाई कळत नसे, आणि बांगडी मनगटावर. एकही फुटली नाही की आजी कौतुकाने त्याच्याकडे बघायची. भरून झाल्या की त्याला नमस्कार करायचा, वयाने तो लहान असला तरी. घरात सौभाग्य आणणारा हात म्हणून.

बांगडी वाढवली, तरी तिचं काम संपत नसे. तुकडे गोळा करून डब्यात. दुपारी मोठी माणसं लवंडली की मेणबत्ती लावायची, अर्धी बांगडी ज्योतीवर धरायची, काच नरम झाली की टोकं वाकवून दुसऱ्या तुकड्यात अडकवायची. हिरव्यात लाल, लालमध्ये निळा. अशी साखळी होई, साखळ्यांचं तोरण होई, तोरण दाराला लागे. वाऱ्यावर त्याचा आवाज येई. पाहुणे विचारत, "कुठून आणलं?" आई म्हणायची, "पोरींनी केलंय." त्या दोन शब्दांत तिचा सगळा अभिमान असायचा.

खऱ्या सोन्याकडे आम्ही ज्या नजरेनं बघायला शिकलो, ती नजर आली होती या साखरेतून, फुलांतून, काचेतून. म्हणून सोनाराच्या दुकानात आम्हांला दागिन्यापेक्षा सोनार जास्त बघायचा असे.

तेव्हा सोनार घरचाच असायचा. आजीची पाटली त्याच्या वडिलांनी घडवलेली, आईचं मंगळसूत्र त्याने. त्याच्या पायरीवर बसून आम्ही सगळं पाहिलं. मुशीत वितळणारं सोनं, फुंकणीतून ज्योतीवर सोडलेला वारा, जंतराच्या भोकांतून ओढत ओढत केसासारखी बारीक होत जाणारी तार, ऐरणीवर हातोडीचा हलका ठोका. तराजूच्या पारड्यात लाल गुंजा, प्रत्येकीच्या टोकाला काळा ठिपका. 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. आजीला हा पाढा शाळेत न जाता पाठ होता. कानशीने घासताना उडणारा कीस मांडीवरच्या फडक्यात पडे. तरी थोडा वाऱ्यावर जाईच. म्हणून सराफकट्ट्यावर पहाटे झारेकरी येत, दुकानांपुढची धूळ झाडून नेत, पाण्यात धूत आणि त्यातून सोन्याचा कण वेगळा काढत. कचऱ्यातसुद्धा कुणाच्या तरी हाताला काम होतं.

त्या जुन्या कारागिरांनी घाट कुठून आणले? शेतातून, परसातून, ताटातून. बोराएवढे मणी वळले, आतून पोकळ ठेवून लाख भरली, की बोरमाळ. जोंधळ्याच्या दाण्याएवढे बारीक मणी ओवले की जोंधळी पोत. गव्हाचे मणी, जवाचे मणी. पोह्यांसारख्या चपट्या पाकळ्यांचा पोहेहार, बकुळीच्या फुलांचा बकुळी हार, चाफ्याची कळी, आंब्याची कोयरी, पायाच्या बोटांत मासोळ्या. वर्षभर जे हात धान्य पाखडत होते, निवडत होते, त्यांच्याच गळ्यात सणाला ते धान्य सोन्याचं होऊन येई. आपल्या बायकांच्या अंगावर काय शोभेल, हे शोधायला तो कारागीर परसाच्या पलीकडे गेलाच नाही. मराठी दागिन्यातली कविता मला तिथे सापडते.

कोल्हापूरच्या गुजरीत साज पाहिलेल्यांना हे सांगायला नको. साजाची परंपरेने 21 पानं: त्यांत विष्णूचे दहा अवतार, अष्टमंगळाची आठ चिन्हं, माणिक आणि पाचूची दोन पानं, आणि शेवटचा ताईत. मधून मधून जवमणी. मासा, कासव, नरसिंह, कमळ, शंख, सगळे नखाएवढ्या पत्र्यावर ठोकून काढलेले. आजी एकेक पान बोटाने पुढे सरकवत गोष्ट सांगायची. आम्हांला दशावतार पोथीआधी साजावरून कळले.

काळही त्या डब्यात उतरलेला असायचा. चीनच्या युद्धाच्या वेळी, 1962 साली, कित्येक घरांतून बांगड्या-अंगठ्या देशाच्या संरक्षण निधीला गेल्या. पाठोपाठ जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, 14 कॅरेटच्या वर शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. ते सोनं कडक, रंगाने फिकं. लग्नघरं हिरमुसली, पण खरा घाव बसला तो कारागिरांवर; ऐरणीवरचे ठोके थांबले, कितीतरी सोनारांनी दुसरा धंदा धरला. पुढे ती अट सैल झाली, 1968 मध्ये नियंत्रणाचा कायदा झाला, आणि 1990 मध्ये तोही उठला. पण ज्यांनी हत्यारं गुंडाळून ठेवली त्यांच्या मुलांनी ती पुन्हा उघडलीच असं नाही.

नथीतल्या मोत्यांचीही अशीच कहाणी. "बसऱ्याचे आहेत हो," असं आजी नथ पुसताना म्हणायची. इराणच्या आखातात पाणबुड्यांनी जीव धोक्यात घालून काढलेले ते मोती. जपानच्या मिकिमोतोने 1893 मध्ये शिंपल्यात मोती वाढवून दाखवला, आणि 1920-30 नंतर लागवडीच्या मोत्यांनी बाजार भरला, आखातातली मोत्यांची शिकार ओसरली. म्हणून नथीची तार झिजली की आजी स्वतः सोनाराकडे जायची, मोती मोजून द्यायची, मोजून घ्यायची, आणि नवी तार भरेपर्यंत तिथून हलायची नाही.

सोनाराइतकाच लागायचा पटवेकरी. आज कितीजणांना तो आठवतो? दागिना घडवायचा सोनाराने, गाठवायचा पटवेकऱ्याने. रस्त्याकडेला नाहीतर दुकानाच्या फळीवर बसलेला, पायाच्या अंगठ्यात रेशमाचा दोर ताणून धरलेला, बोटं चालू आणि तोंडही चालू. मणी, गाठ, मणी, गाठ. ठुशीचे मणी दाट बसवायचे, मधे फट दिसता कामा नये. मागे लाल रेशमाचा सरकता गोंडा, म्हणजे तीच ठुशी बारीक मानेला बसावी आणि भरल्या मानेलाही. सोनं विकणाऱ्याला सुचणार नाही, पण दागिना वापरणाऱ्यांत वावरलेल्या माणसाला सुचतं, असं हे शहाणपण. दोन-तीन वर्षांनी रेशीम विरलं की पुन्हा पुडी बांधून त्याच्याकडे. सोनं तेच, दोरा नवा. दर गाठवणीला आई मणी मोजायची आणि मोजता मोजता सांगायची की हे चार मणी आजीने भिशीच्या पैशांतून घेतले होते, हे दोन मामाने घातले.

मोडणं आणि पुन्हा घडवणं, यात तेव्हा वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. थोरलीच्या लग्नात गोठ मोडून पाटल्या झाल्या, धाकटीच्या लग्नात पाटल्या मोडून बिलवर. पणजीचा पुतळी हार तिघी लेकींत वाटला गेला, आता तिच्या पुतळ्या तीन गावांत आहेत. झिजलेल्या तोरड्यांची चांदी नातीच्या छुमछुम पैंजणांत गेली. दागिने रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात कोरडे करायचे, आणि धुतलेलं पाणी झाडाला घालायच्या आधी तळाशी मणी पडला नाही ना, हे बघायचं. वापरायचं, जपायचं, दुरुस्त करायचं आणि पुढे द्यायचं, एवढाच आमचा दागिन्यांचा धर्म.

मग दुकानं मोठी झाली, काचेची झाली, गार हवेची झाली. मेणाचा एक नमुना, रबराचा एक साचा, आणि त्यातून हव्या तितक्या हुबेहूब प्रती निघू लागल्या. वस्तू चोख असते, वजनाला पक्की असते. पण तिथे पायरी नाही, आणि घडवणारा माणूस तर दिसतच नाही. एवढं कुणाच्या लक्षात आलं, ते आमच्या नातीपुतण्यांच्या. त्यांनी पुन्हा हाताने करायला घेतलं.

आता हस्तकलेच्या प्रदर्शनात गेलं की काय काय दिसतं! भाजलेल्या मातीचे झुमके. खणाच्या कापडावर टाके घालून केलेलं पदक. विरलेल्या पैठणीच्या काठातला मोर वाचवून केलेला गळ्यातला हार. लाकडाचे मणी, दोऱ्याच्या गाठी. तांब्याच्या पत्र्यावर ठोके देऊन केलेली कर्णफुलं. ते ठोके बघितले की पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आठवते. बंबावर, हंड्यावर हातोडीने मठारकाम व्हायचं, एकेक ठोका शेजारच्याला लागून, आणि त्याने पत्राही कडक व्हायचा आणि झळाळायचाही. घरात बंब उरले नाहीत, पण तो ठोका नव्या घाटाच्या भांड्यांवर आणि दिव्यांवर उतरला, तसाच कानातल्यांवरही. हुपरीत अजून घराघरांत चांदीचं काम चालतं, एका घरी कड्या जोडतात, दुसऱ्या घरी घुंगरू लागतात, बायकांचे हात त्यात बरोबरीने असतात.

आमच्यातल्या काहीजणी पहिल्यांदा बिचकतात. "अगं, मातीचं कसलं कानातलं? पडलं की फुटेल." तेव्हा त्या मुलीला नीट विचारावं. ती सांगते: माती चाळायची, भिजवायची, कणकेसारखी मळायची, हाताने आकार द्यायचा, सावलीत सुकवायचं, उन्हात घाई केली की तडा जातो, मग भट्टी. ती हे सांगत असताना आम्हांला परात दिसते, पाक दिसतो, अंधारी पहाट दिसते. ज्या घराने साखर गळ्यात घातली, गुलबाक्षी कानात घातली, फुटकी काच दाराला लावली, त्या घराला माती परकी कशी वाटेल? तिच्या हातातलं कानातलंही दागिनाच आहे, आणि तिने ते केलं आहे तेही परसाकडे बघूनच: कडुनिंबाचं पान, शेवग्याची शेंग, पावसाचा थेंब.

हलव्याचे दागिनेही पुन्हा आले आहेत. अनेक बायकांचा तो आता घरचा व्यवसाय आहे. डबे भरून ते परदेशातल्या मराठी घरांतल्या बोरन्हाणाला जातात. काट्याला थंडीच लागते, पहाटच लागते आणि बोटंच लागतात, ते काही बदललेलं नाही.

म्हणून आमच्या वयाच्या सगळ्यांना एक सांगणं आहे. लॉकरमधली ठुशी एकदा बाहेर काढा. रेशीम विरलं असेल तर पटवेकरी शोधा, गाठवून घ्या, आणि नातीला बरोबर न्या, तिला त्याची बोटं बघू द्या. प्रदर्शनातल्या मुलीशी घासाघीस करण्याआधी तिला विचारा की याला किती दिवस लागले. आवडलं तर घ्या, आणि घेतलं तर घाला. फुटलं, तुटलं तर फेकू नका, तिच्याकडे परत न्या. ती नीट करून देईल आणि तिला बरंही वाटेल.

आणि प्रत्येक गुलाबी पुडीत एक चिठ्ठी ठेवा. दागिना कुणी घडवला, कुठल्या गावात, कुणासाठी, काय मोडून केला, कधी गाठवला. मातीच्या झुमक्यांच्या डबीतही ठेवा, करणाऱ्या मुलीचं नाव लिहून. पुढच्यांना सोनं किती मिळेल ते आपल्या हातात नाही. त्यामागचे हात त्यांच्यापर्यंत पोचवणं मात्र आपल्याच हातात आहे, आणि ते लिहिण्याइतकं अजून आपल्याला आठवतं आहे.